तिळाएवढं नोझल

नोझल तुटलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. पान्याला होणारा विरोध एकदम संपला आणि बोटांना कळलं, की आता जे फिरतंय ते मोकळंच फिरतंय. तिळाएवढा पितळी तुकडा पान्यात अडकून बाहेर आला. त्याचे आटे मात्र एअरब्रशच्या तोंडातच राहिले.

मंगळवार होता, सकाळचे साडेदहा. शनिवारी अकरा वाजता मला हाच एअरब्रश, म्हणजे हवेनं रंग फवारायची पेनाएवढी गन, घेऊन पुण्यात हजर व्हायचं होतं.

"काय झालं?" पप्पांनी पेपराआडून विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणायला एवढा वेळ लागत नाही, स्वरूपा."

ते निवृत्त मुख्याध्यापक. गप्प बसलेल्या मुलांची त्यांना चाळीस वर्षांची सवय होती. मी तळहातावरचा तुकडा दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो पाहिला.

"एवढंसंच?"

"या एवढ्याशातूनच रंग येतो."

"मग आता गडहिंग्लज," ते म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले. वाईट वाटल्याचं त्यांच्या आवाजात काही नव्हतं.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकतीच फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाले होते. गडहिंग्लजच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची जागा तयार होती आणि सोमवारपर्यंत त्यांना हो किंवा नाही कळवायचं होतं. पण बारावीपासून माझा जीव होता छोट्या मॉडेलांमध्ये. विमानं, इंजिनं, बोटी. बोटभर लांबीची, पण खऱ्याच्या अचूक प्रमाणात. पुण्यात संग्रहालयांसाठी अशी मॉडेल्स बनवणारा एक स्टुडिओ होता. तिथल्या टेंबे मॅडमनी मला पत्र पाठवलं होतं: रंगकामासाठी एक जागा आहे. एअरब्रश तुमचा तुम्ही निवडा आणि घेऊन या. इथं एक मॉडेल रंगवून दाखवा. तो एअरब्रश का निवडला, तेही सांगा. तसेच आणखी सहा आम्ही घेणार आहोत.

म्हणजे परीक्षा अर्धी रंगवण्याची, अर्धी निवडीची. निवडीत मला कोण हरवणार, असं मला वाटलं होतं. मी चौदा रकान्यांचा तक्ता केला. बाजारातले एकवीस एअरब्रश, प्रत्येकाला गुण. पहिला रकाना नोझलच्या छिद्राचा, आणि त्याला सगळ्यांत जास्त वजन. प्रयोगशाळेत पाच वर्षं आम्हाला हेच शिकवलं होतं, की जे उपकरण जास्त बारीक मोजतं ते जास्त चांगलं. पट्टीपेक्षा व्हर्नियर, व्हर्नियरपेक्षा स्क्रू गेज. त्या हिशेबानं शून्य पूर्णांक दोन मिलिमीटरचा एक सुंदर एअरब्रश पहिला आला. शिकवण्यांचे साठवलेले पैसे घालून मी तो मुंबईहून मागवला.

चार दिवसांत तो सहा वेळा तुंबला. रंग टोकावर सुकायचा, मग थुंकी उडाल्यासारखे ठिपके पडायचे. प्रत्येक वेळी मी नोझल काढलं, धुतलं आणि परत बसवलं. बसवताना घट्ट केलं आणि मग आणखी पाव फेरा फिरवलं. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी निर्वात पंपावर काम केलं होतं. तिथं एक सांधा सैल राहिला की पंधरा दिवसांची मेहनत वाया जायची. तो पाव फेरा माझ्या मनगटात बसला होता.

नवं नोझल यायला दहा दिवस लागणार होते. उद्यमनगरातला एखादा लेथवाला अडकलेले आटे काढून देईल, या आशेनं मी रिक्षात बसले.

ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्यावर गरुड होता. पंख पसरलेला, नजर माझ्यावर. आधी मी नुसतंच पाहिलं. मग पुढं झुकले. पिसांच्या कडा केसाहून बारीक होत्या आणि हाताच्या ब्रशनं काढलेल्या नव्हत्या. कडेपासून आतपर्यंत रंग धुरासारखा विरत गेला होता.

"हे कुणी काढलं?"

"बापू पेंटर," ड्रायव्हर आरशातून म्हणाला. "सुंदर रिक्षा स्पर्धेत दुसरा नंबर आलाय आमचा. पयला यायला पायजे हुता."

"लेथवाला राहू दे. बापूंकडं न्या."

बापू पेंटरचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड. ते साठीचे, काटकुळे, आणि त्या वेळी बुलेटच्या टाकीवर ज्वाला काढत होते. मी माझा एअरब्रश पुढं केला. त्यांनी हात पुसून तो दोन बोटांत धरला, सोनाराकडं दागिना धरतात तसा.

"झ्याक गन हाय. मोडली कुणी?"

"मी. घट्ट करताना."

"घट्ट कशाला केलीस?"

मी निर्वात पंप, सांधा, गळती, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"हितं गळत न्हाई पोरी," ते म्हणाले. "हितं सुकतंय."

"तुम्ही तो गरुड कितीच्या नोझलनं काढला?"

"कितीच्या म्हंजे?" त्यांनी आपली गन उलटीसुलटी केली. मुलामा उडालेला, खटका झिजून गुळगुळीत झालेला. बुडाशी आकडा होता शून्य पूर्णांक तीन. माझ्यापेक्षा दीडपट जाड.

"पण पिसं एवढी बारीक?"

"गन जवळ न्यायची. हवा कमी सोडायची. रंग दुधागत पातळ करायचा. आन् दम धरायचा." त्यांनी दम धरून दाखवला आणि टाकीवर एक रेघ ओढली. माझ्या तक्त्याचा पहिला रकाना त्या रेघेखाली गेला.

"मग मी कुठली घेऊ? शनिवारी माझी मुलाखत आहे."

बापू हसले. "ते मला इचारू नगंस. हातात दिली ती गन मी चांगलीच म्हणतोय. आक्काला इचार."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. शेडच्या मागच्या बाजूला ती स्टुलावर बसली होती. समोर थिनरचा डबा, मांडीवर जुनं धोतर फाडून केलेली फडकी, नाकावर चष्मा. दुकानातल्या पाच गन तिच्यापुढं ओळीनं मांडलेल्या होत्या आणि ती एकेकीची सुई ओढून पुसत होती. वय पासष्टच्या पुढं असावं. माझी हकिगत तिनं मान वर न करता ऐकली.

"तू गन घेणार. धुणार कोण?"

"मीच."

"रोज?"

"हो. काम झाल्यावर."

"तसं न्हवं. काम झालंय. तू दमलीयास. भूक लागलीया. आई जेवायला हाक मारतीया. तवा धुशील?"

मी खरं सांगितलं. "नाही. उद्या सकाळी."

"मग ती रातीतच मेली." तिनं सुई परत सरकवली. "रंगवणाऱ्याला काय कळतंय? जेवणाऱ्याला भांडं इचारून चालत न्हाई, घासणारीला इचारायचं. या दुकानात मी एकदा धुऊन बघितल्याबिगर गन येत न्हाई. बापूनं एक आणली हुती, लई भारी. महिनाभर भांडलो आम्ही."

"अजून भांडतोय," बापू तिकडून म्हणाले.

"उद्या दुपारी लक्ष्मीपुरीत ये," आक्का मला म्हणाली. "रंगवाल्या शेठच्या दुकानात. मी येतो."

बुधवारी दुपारी ती आली तेव्हा तिच्या पिशवीत शाळेची पाटी, पाण्याची बाटली, काळ्या रंगाची कुपी, थिनर आणि फडकी होती. शेठनी तिला पाहिलं आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. आदरानं की धास्तीनं, मला ठरवता आलं नाही.

"आक्का, मागच्या वेळी तुम्ही खोललेली गन अजून कुणी घेतली नाही."

"चांगली नव्हतीच ती. तुमच्या गिऱ्हाइकाचे पैसे वाचवले मी. तीन काढा."

शेठनी काचेखालून तीन काढल्या. एक शून्य पूर्णांक दोनची, माझ्या मोडक्या गनची चुलत बहीण, सोबत इवलासा पाना. दुसरी शून्य पूर्णांक तीनची, वर रंगाची वाटी. तिसरी जाड, रंगाची बाटली खालून लटकवलेली. दुकानातला कॉम्प्रेसर सुरू झाला. आक्कानं पहिल्या दोघींत पाणी भरलं आणि पाटीवर एकेक रेघ ओढली. काळ्या पाटीवर ओली रेघ लगेच उठून दिसायची आणि मी मोजेपर्यंत वाळायला लागायची. मी पट्टी घेऊन गेले होते. आक्काच्या हातानं दोन्ही गनच्या रेघा अर्ध्या मिलिमीटरच्या. माझ्या हातानं दोन्हींच्या दीड.

"बघ. जाडी कुणाची हाय?" आक्का म्हणाली.

"माझी."

"व्हय. आता रंग घाल."

"आक्का, विकायच्या गन आहेत," शेठ म्हणाले.

"विकायच्या आधीच कळू दे की, शेठ."

तिनं काळा रंग भरला, उडवला, पाच मिनिटं तसाच सुकू दिला आणि गन माझ्या हातात ठेवली. "धू."

मी घड्याळ लावलं. पान्याच्या गनला अकरा मिनिटं लागली, आणि ते नोझल एकदा काउंटरवरून घरंगळलं तेव्हा शेठ, मी आणि एक गिऱ्हाईक असे तिघं गुडघ्यांवर बसून शोधत होतो. बाटलीच्या गनला सात मिनिटं. तिची नळी लांब, आणि एवढ्याशा कामाला अर्धी बाटली रंग भरावा लागायचा. वाटीवालीचं नोझल नुसतं ठेवायचं असायचं. त्याला आटेच नव्हते. वरचं टोपण हातानं फिरवलं की ते आपोआप मध्यावर बसायचं. तीन मिनिटं चाळीस सेकंद.

मी पुन्हा रंग भरायला घेतला.

"आता काय करतीस?"

"तीन रीडिंग घेतात. मग सरासरी."

आक्कानं शेठकडं पाहिलं. शेठनी छताकडं.

"बरं," आक्का म्हणाली, "पण तिसऱ्या खेपेला माझ्याशी बोलत बोलत धुवायची. घरात काय गप्प बसून धुशील व्हय?"

तिसऱ्या खेपेला तिनं मला माझं लग्न, पगार, पप्पांचं ब्लडप्रेशर आणि आमच्याकडं तांबडा रस्सा कसा करतात, हे सगळं विचारलं. वाटीवाली तरीही चार मिनिटांत निघाली. पान्यावालीचे आटे मी रश्श्याच्या मसाल्यापाशी आल्यावर वाकडे बसवले. शेठनी ती झटकन माझ्या हातून घेतली.

मी वाटीवाली घेतली. माझ्या पहिल्या गनच्या निम्म्याहून कमी किमतीची, आणि माझ्या तक्त्यात अकरावी.

गुरुवार-शुक्रवार मी पाटीवर पाण्याच्या रेघा ओढल्या. शनिवारी पहाटेच्या एसटीनं पुण्याला गेले.

टेंबे मॅडम पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. आम्ही दोघंच होतो. दुसरा नागपूरहून आलेला निनाद बोरकुटे, चित्रकलेचा पदवीधर. त्याचा एअरब्रश मखमलीच्या पेटीत होता. छिद्र शून्य पूर्णांक अठरा. मनातल्या तक्त्यात मी तो लगेच पहिला लावला. सवयी चार दिवसांत जात नाहीत.

"मस्त आहे," मी म्हणाले.

"काकांनी जपानहून आणला," तो म्हणाला. "मी तर हात लावायलाच घाबरतो."

मॅडमनी आम्हा दोघांपुढं वीतभर लांबीची एकेक पांढरी बस ठेवली. "आधी लाल. मग खिडक्यांखाली पिवळा पट्टा. दोन तास."

निनादचा लाल रंग मी अजून विसरलेले नाही. टपावर ऊन, चाकांजवळ धूळ, सगळं त्यानं एकाच रंगाच्या छटांत आणलं. माझी बस स्वच्छ लाल होती, एवढंच. तासाभरानं मी गन खोलली, चार मिनिटांत धुतली आणि पिवळा भरला. पलीकडून फुस्स असा आवाज आला. निनादच्या पिवळ्यात नारिंगी रेषा उतरल्या होत्या. लाल रंग आत कुठंतरी राहिला होता. त्यानं पेटीतून पाना काढला, नोझलला लावला आणि तसाच थांबला.

मला पुढं काय होणार ते ठाऊक होतं. जोर लावला तर तुटणार, नाही लावला तर निघणार नाही. तो अडकला तर जागा माझी होती. सोमवारी गडहिंग्लजला 'नाही' असं कळवता आलं असतं. हे सगळं मला अगदी स्पष्ट दिसत होतं, आणि तरीही त्याच्या हातातल्या पान्याकडं बघवेना.

"ते फिरवू नकोस," मी म्हणाले. "माझी घे. माझा पट्टा झालाय."

"आणि मला जमलं तर?"

"तर जमलं."

त्यानं मॅडमकडं पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. त्यानं माझी गन घेतली, कागदावर दोनदा उडवून अंदाज घेतला, आणि माझ्याच गननं असा पट्टा ओढला की तो माझ्या बसवर असायला हवा होता.

मॅडमनी दोन्ही बस खिडकीत नेऊन पाहिल्या. मग म्हणाल्या, "रंगकामाची जागा निनादची. तुम्हाला ते दिसतंच आहे."

"हो, मॅडम."

"आता सांगा, हा एअरब्रश का निवडला?"

पिशवीत चौदा रकान्यांचा तक्ता होता. तो मी काढला नाही. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी पाव फेऱ्यापासून शेठच्या दुकानापर्यंत सगळं सांगितलं. निनाद दोनदा हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"त्यांचा नंबर आहे?"

मी बापूंचा नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला. दुकानातल्या कॉम्प्रेसरची घरघर आली, मग आक्काचा आवाज.

"झाली का गं मुलाखत?"

"आक्का, पुण्याच्या मॅडम बोलतायत."

"नमस्कार," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही निवडलेली गन पाहिली. आम्हाला तशा सहा घ्यायच्या आहेत."

"घ्या की. पर मला एक सांगा, तुमच्यात गन धुतं कोण?"

"ज्याची तो धुतो."

"म्हंजे कोणच न्हाई," आक्का म्हणाली.

आक्काला वाटलं असावं की फोन कट झाला. ती दोनदा हॅलो म्हणाली. मग मॅडम उठल्या आणि भिंतीकडचा लांब खण त्यांनी पूर्ण बाहेर ओढला. आत फडक्यावर एअरब्रश झोपवलेले होते. मी मोजले. अकरा. एकाहून एक सुंदर. कुणाच्या तोंडाशी काळी पुटकुळी, कुणाची सुई अडकलेली, दोघांचे आटे आतच तुटलेले. बुडाशी सगळ्यांच्या तोच आकडा, शून्य पूर्णांक दोन.

"हे सगळे मी निवडलेत," टेंबे मॅडम म्हणाल्या. "मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. माझाही एक तक्ता होता." त्यांनी एकाची अडकलेली सुई हलवून पाहिली. "सहा वर्षांत अकरा. म्हणून या वेळी म्हटलं, दुसऱ्या कुणाला निवडू द्यावं."

"किती हाईत म्हणाला?" फोनमधून आक्का म्हणाली.

"अकरा."

"आटे तुटलेले सोडा. बाकीचे थिनरात बुडवा. निम्मे जगतील. त्या पोरीला हात लावू द्या, ती आता पाव फेरा देत न्हाई."

मॅडमनी फोन माझ्या हातात दिला आणि माझ्याकडं पाहिलं. "मला अशी जागा जाहीर करायचं सुचलंच नव्हतं. निवडणं, सांभाळणं, शिकवणं, सगळ्यांच्या हत्यारांची जबाबदारी. पगार निनादएवढाच. तुम्ही याल?"

"सोमवारी एका कॉलेजला उत्तर द्यायचंय," मी म्हणाले.

"मग आज द्या."

मी व्हरांड्यात जाऊन गडहिंग्लजला फोन केला. प्राचार्य चांगले होते, त्यांनी शुभेच्छा दिल्या. परत आले तेव्हा निनादनं आपली मखमलीची पेटी खणाशेजारी आणून ठेवली होती. बारावा, तो म्हणाला. मी एका वाडग्यात थिनर ओतलं, त्यातल्या त्यात कमी आजारी दिसणारा एक एअरब्रश बुडवला आणि वाट पाहिली. मग सुईचं शेपूट धरून अगदी हलकं, सरळ मागं ओढलं. वीस मिनिटं गेली. कधीतरी ती सुटली आणि काळ्या रंगाची एक बारीक साल मागं ठेवून बाहेर आली.

टेंबे मॅडमनी ती माझ्याकडून घेतली, उजेडात धरून टोकापासून शेपटापर्यंत पाहिली आणि पुसली. मग बाह्या दुमडल्या, स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "दुसरी मी काढते. तुम्ही नुसतं बघा, आणि चुकले तर हात धरा."